आधी पाणी, मग पुस्तक

कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात दोन मशिनं आहेत. एक चालतं आणि दुसरं शोभेला आहे. दोन मशिनं दिसली की गिऱ्हाइकाला दुकानदार भरवशाचा वाटतो, म्हणून बंद मशिनवरही मी रोज फडकं मारतो. फाटकातून आत गेलं, जिना चढला की डावीकडे कॉलेजचं ग्रंथालय लागतं, आणि त्या ग्रंथालयाची ग्रंथपाल माझी बायको आहे. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, वा, तिकडे पुस्तकं आणि इकडे झेरॉक्स, दुधात साखर! त्यांना काय माहीत. माझ्या पोटावर पाय आणणारं माणूस रस्त्यापलीकडे नोकरी करतं आणि संध्याकाळी माझ्याच शेजारी ताट मांडून जेवायला बसतं.

हे मी रागाने सांगतोय असं कोणाला वाटेल. वाटू दे. रागानेच सांगतोय.

एक काळ होता. सरांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प लिहायला सांगितला की मुलं ग्रंथालयात धावायची, "बाई, या विषयावरचं सगळ्यात जाड पुस्तक द्या" म्हणायची, ते पोटाशी धरून रस्ता ओलांडायची आणि माझ्या काउंटरवर आदळायची. "काका, सगळं काढा!" या वाक्यावर माझं घर चाललं. सगळं म्हणजे मुखपृष्ठापासून ते पाठीमागच्या जाहिरातीपर्यंत. वाचायचं कोणीच नाही. गठ्ठ्याला स्पायरल लावून दिलं की पोरांच्या चेहऱ्यावर अभ्यास झाल्याचं समाधान पसरायचं. मुलं खूश, मी खूश आणि सरही खूश, कारण वाचत तेही नव्हते. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग आमच्या हिला ती मुलगी सापडली.

मागच्या कपाटांच्या रांगेत, जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून ती रडत बसली होती. हिला वाटलं, प्रेमाबिमाचं काहीतरी असेल. जवळ बसून विचारलं तर निघालं भलतंच. पोरीला एक पुस्तक हवं होतं. ते कुठे मिळेल हे विचारायला ती रोज काउंटरपर्यंत यायची, आणि तिथे आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. लोक काय म्हणतील, कॉलेजात आली आणि हिला साधं पुस्तक शोधता येत नाही. मग काहीतरी विचारायला हवं म्हणून ती विचारायची, "बाई, पाण्याची टाकी कुठाय?" हिने रोज टाकी दाखवली होती. या पोरीला इतकी कशी तहान लागते, एवढंच हिच्या मनात यायचं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. आणि पुस्तक कुठे होतं? काउंटरलगतच्या ढकलगाडीवर, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात, तिच्या कोपराला लागेल इतक्या जवळ.

हिने तिला आधी पाणी दिलं, मग पुस्तक दिलं, आणि घरी येऊन मला भंडावून सोडलं.

"अहो, मुलांना पुस्तकं सापडत नाहीत ती भीतीपायी. घाबरलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही."

"भीती कसली? आळस आहे," मी म्हणालो.

"तुम्ही चष्मा डोक्यावर ठेवून घर उलथंपालथं करता, तेव्हा तुम्ही आळशी असता का?"

चष्मा त्या वेळीही डोक्यावरच होता. मी तो खाली ओढला आणि वर्तमानपत्र वाचायला घेतलं.

त्या वेळचे प्राचार्य निवृत्तीला आले होते आणि कशालाही हो म्हणत होते. त्यांच्याकडून हिने आठवड्यातून एक तास मागून घेतला. नाव ठेवलं शोध-तास. मला वाटलं, शिकवेल काय, तर कार्ड कसं बघायचं आणि क्रमांक कसा वाचायचा. ते शिकवायचीच, पण पार शेवटी. पहिल्या दिवशी ही फळ्यावर काही लिहायची नाही. मुलांना विचारायची, "तुम्ही कशावर चिडता?"

"आवड का नाही विचारत?" मी एकदा म्हटलं.

"आवड विचारली की मुलं खोटं बोलतात. सगळ्यांना वाचनाची आवड असते आणि समाजसेवेची. चीड विचारली की खरं बाहेर येतं."

आलंच. एक मुलगा होता, सगळ्या जगावर रुसल्यासारखा मागे बसायचा. मला कशातच रस नाही, म्हणाला. ही म्हणाली, बरं, चीड कशाची येते? तो ताडकन म्हणाला, "घरमालकाची! छप्पर गळतं आणि तो म्हणतो, बादली ठेवा." झालं, त्याचा विषय ठरला. भाडेकरूंचे हक्क. पोरगं तीन कपाटं पालथी घालून वाचत बसलं. शेवटी कायद्यातलं एक पान माझ्याकडून काढून घेतलं आणि ते थेट घरमालकाला नेऊन वाचून दाखवलं. छप्पर दुरुस्त झालं. त्या दिवसापासून त्याला सगळे छप्पर म्हणायला लागले आणि टाकी विचारणाऱ्या मुलीला टाकी. दोघंही या नावांना ओ देतात, म्हणून मीही तेच वापरतो. माझं दुःख वेगळं आहे. जाडजूड कायद्याच्या ग्रंथातून त्याने काढलं एक पान. फक्त एक.

याहून वाईट म्हणजे हिचा वैतागाचा बाक. हिचं म्हणणं असं की, शोधायला लागलेलं माणूस आधी उड्या मारतं, मग त्याला माहिती इतकी मिळते की ते तिच्यात बुडतं. एक पुस्तक एक म्हणतं, दुसरं त्याच्या उलट, आणि मधल्यामध्ये पोराला वाटतं की आपणच मठ्ठ आहोत. नेमकी तेव्हाच मुलं शोध सोडतात आणि समोरच्या दुकानात येऊन सगळं काढा म्हणतात. म्हणून ही मुलांना आधीच बजावून ठेवायची, "मध्यावर आलात की तुम्हाला वाटेल, मला काहीच येत नाही. असं वाटलं की घाबरायचं नाही. समजायचं, काम बरोबर चाललंय." आणि त्यासाठी खिडकीखाली एक बाक ठेवला. ज्याला असं वाटेल त्याने तिथे जाऊन बसायचं. त्याला उपदेश करायचा नाही. आधी पाणी द्यायचं आणि एवढंच विचारायचं, "कुठवर आलास?"

माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "पोरांना रडायला बाक आहे. घरात सासूला टेकायला धड खुर्ची नाही." दुसऱ्या दिवशी ही आईसाठी खुर्ची घेऊन आली. आई तिच्यावर बसून पाणी मागायला लागली.

एकदा अर्थशास्त्राचे सर चुकून त्या बाकावर बसले. मोठा देह, मोठा आवाज, वर्गात शिरले की मुलं वह्यांमागे लपतात. त्यांना फक्त बुटाची नाडी बांधायची होती. तेवढ्यात टाकी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी. "कुठवर आलात, सर?" सर तिच्याकडे बघत राहिले. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "तिसऱ्या प्रकरणावर अडकलोय." त्यांचा प्रबंध त्यांच्या लग्नाच्या आधीपासून चालू होता आणि आता त्यांची मुलगी लग्नाला आली होती. घरात त्या प्रबंधाचं नाव काढायला बंदी होती. त्या पोरीपाशी ते तासभर बोलले. नाडी बांधायची राहिलीच, जिन्यात पडता पडता वाचले.

इकडे माझं काय होत होतं? पोरं येत होती, पण पुस्तक घेऊन नाही. "काका, हे पान आणि हे पान. बास." वर मी शेजारचं पान काढून दिलं तर परत करायची. "हे नको, यात तो मुद्दा नाही." अरे, मुद्दा! माझ्या दुकानात मुद्दा! आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला. शोभेचं मशिन दुरुस्त करायचा विचार मी सोडून दिला.

मग नवे प्राचार्य आले. कडक इस्त्रीचा माणूस. सगळ्याला एकच प्रश्न विचारायचे, "निष्पत्ती काय?" झाडाला पाणी घालणाऱ्या माळ्यालाही त्यांनी निष्पत्ती विचारली होती. मुलांनी त्यांचं नावच निष्पत्ती ठेवलं. वेळापत्रकात शोध-तास दिसल्यावर त्यांनी हिला बोलावून घेतलं. "बाई, हल्ली संगणकावर बोट ठेवलं की सगळं मिळतं. पुस्तक सापडलं की काम झालं. त्यात मुलांच्या मनाचा काय संबंध? महिनाअखेर समितीपुढे या आणि या तासाची निष्पत्ती पुराव्यासकट मांडा. नाहीतर पुढच्या सत्रापासून हा तास बंद."

हिला वाटलं, पडत्या फळाची आज्ञा. घरी आली ती गुणगुणत. मुलांच्या मनाचा आणि शोधाचा संबंध काय, यावर जगभर लोकांनी लिहून ठेवलंय म्हणाली, तेवढं समोर ठेवलं की झालं. पहिल्या दिवशी एक पिशवी पुस्तकं आणली. दुसऱ्या दिवशी दोन. मग जेवायच्या टेबलावर पुस्तकं, खिडकीत पुस्तकं, आईच्या नव्या खुर्चीवरसुद्धा पुस्तकं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. काही दिवसांनी गुणगुणणं थांबलं. मग दूध उतू जायला लागलं. मग ही रिकामी असली की माळ्यावरचे डबे पुसायची, लिहायला मात्र बसायची नाही. काय झालं विचारलं की म्हणायची, "काही नाही, अजून थोडं वाचायचंय."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," आई भिंतीला टेकून म्हणाली, "आपण कोरडे पाषाण." मी आईला गप्प बस म्हटलं. पण खरं सांगतो, माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नव्हता. दूध उतू जातंय म्हणजे गॅसच्या शेगडीत बिघाड असणार, असंच मी धरून चाललो होतो.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी होती. टाकी होती, छप्पर होता, आणखी पोरं होती, प्रत्येकाच्या हातात एकेक, दोनदोन पानं. एवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजायला लागले. बघतो तर काय, ग्रंथालयाची ढकलगाडी रस्ता ओलांडतेय! तिच्यावर पुस्तकांचा डोंगर आणि मागून ढकलतेय आमची ही. चाकं करकरताहेत, रिक्षावाले ओरडताहेत, हिचं कोणाकडेच लक्ष नाही. गाडी थेट माझ्या पायरीला येऊन धडकली.

"सगळं काढा," ती म्हणाली.

किती वर्षांनी हे शब्द ऐकले! माझा हात आपोआप मशिनच्या झाकणाकडे गेला. झाकण उघडलं, कागदांचं नवं बंडल फोडलं, पहिलं पुस्तक उचललंसुद्धा. मग पान उलटताना सहज तिच्याकडे बघितलं. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले, आणि चेहरा, हा चेहरा मी हजार वेळा काउंटरपलीकडे पाहिला होता. पोटाशी जाड पुस्तक धरून येणाऱ्या पोरांचा चेहरा. मला भरून आलं. एवढी माझी बायको, अख्ख्या कॉलेजला धीर देणारी, आणि घरात माझ्या डोळ्यांसमोर बुडत होती, आणि मी शेगडी तपासत होतो.

मी झाकण बंद केलं. माठातून पेला भरला आणि तिच्यापुढे धरला.

"आधी पाणी पी."

"मला पाणी नकोय. झेरॉक्स हवंय."

"मिळणार नाही."

मी गिऱ्हाइकाला नाही म्हटल्याचं पोरांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं ऐकलं.

"माझंच मला शिकवू नका हं," ती कडाडली. पण छप्परने तोवर तिच्यामागे स्टूल सरकवलं होतं, आणि ती बसली. टाकीने माझ्या हातातला पेला घेतला आणि तिच्या हातात दिला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कुठवर आलात, बाई?"

ही पाणी प्यायली. पेल्यात बघत म्हणाली, "मला काहीच येत नाहीये गं."

"म्हणजे काम बरोबर चाललंय!" सगळी पोरं एका सुरात ओरडली. शेजारचा पानवाला धावत बघायला आला. ही हसली नाही, पण ओठ हलले. आता पुढे काय करायचं हे पोरांना आठवेना, सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मला तर तासाला कधी बसायलाच मिळालं नव्हतं. पण पहिल्या दिवसाचा प्रश्न मला पाठ होता.

"चिडलीयस कशावर?" मी विचारलं.

"त्या माणसावर!" ही स्टुलावरून उठलीच. "म्हणे पुस्तक सापडलं की काम झालं! अहो, सापडायला काय, मांजरालाही दूध सापडतं. सापडेपर्यंत पोरगं टिकायला हवं ना! ते टिकवायला कोणीतरी नको? ही रोज येऊन पाणी विचारत होती, तिला संगणक विचारणार होता का, की बाई गं, रडतेस का?" बोलता बोलता ती थांबली. टाकीकडे बघितलं. ढकलगाडीकडे बघितलं. मग मधलं एक पुस्तक ओढून काढलं, त्यातलं एक पान दुमडलं, दुसऱ्या एका पुस्तकातलं आणखी एक.

"हे पान आणि हे पान," ती म्हणाली. "बास."

बाकीचा डोंगर पोरांनी ढकलत परत नेला. मी दोन कागद काढले आणि फोडलेल्या बंडलाकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत मीही होतो, पण हमाल म्हणून. हिने एकाच पानावर सगळं लिहिलं होतं, त्याच्या प्रती वाटायला शिपाई नव्हता. मी इस्त्रीचा शर्ट घालून प्रती वाटल्या आणि उरलेल्या हातात घेऊन दाराशी उभा राहिलो. ही बोलली छान. टाकीचं सांगितलं, छप्परचं सांगितलं, दोन पानांतले दोन मुद्दे सांगितले. निष्पत्ती ऐकत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "हे सगळं भावनेचं झालं, बाई. मोजता येईल असं काही आहे का? पुरावा?"

"आहे," ही म्हणाली. "दाराशी उभा आहे."

सगळ्या माना वळल्या. मी मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"हे समोरचे झेरॉक्सवाले," ही म्हणाली. नवरा म्हणाली नाही हं, झेरॉक्सवाले! "माझा तास सुरू झाल्यापासून यांचा धंदा कसा आहे, तेवढं यांना विचारा."

अर्थशास्त्राच्या सरांनी रुमालात तोंड खुपसलं. प्राचार्य माझ्याकडे बघत राहिले. "सांगा."

आता माझी अवस्था बघा. नुसतं 'धंदा उत्तम आहे साहेब' म्हणायचा अवकाश, की तास बंद. पुढच्या सत्रापासून पुन्हा जाड पुस्तकं, पुन्हा सगळं काढा, शोभेचं मशिनसुद्धा चालू. एवढ्याशा वाक्याचं काम. मी हिच्याकडे बघितलं. वाटलं, डोळ्यांनी विनवत असेल. कसलं काय! ही आपली टेबलावरचे कागद सारखे करत होती, उत्तर मिळाल्यासारखी. त्याचाच मला संताप आला.

"धंदा बसलाय, साहेब," मी म्हणालो, आणि मग थांबताच येईना. "पूर्वी पोरं पुस्तक आणायची, आता पान आणतात. तेसुद्धा वाचून आणतात! चुकीचं पान काढलं तर मला परत करतात, यात मुद्दा नाही म्हणून. स्पायरलचा डबा गंजलाय. तुम्ही पुरावा काय मागता, हातच्या काकणाला आरसा कशाला, दुकानात येऊन बघा. हा तास बंद झाला तर मी पेढे... मी अख्ख्या रस्त्याला चहा पाजीन. पण तुम्ही खरं विचारलंत, म्हणून सांगितलं."

समिती हसली. निष्पत्ती हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. अर्थशास्त्राचे सर उठले आणि म्हणाले, "माझं तिसरं प्रकरण झालं, हेही लिहा," आणि बसले. प्राचार्य बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "पुढचं सत्र चालू ठेवा. मग बघू." सगळे पांगल्यावर त्यांनी हिला थांबवून हळूच विचारलं, "तो बाक नेमका कुठे आहे? नुसता बघायला म्हणून."

संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो. टेबल मोकळं झालं होतं, आई तिच्या खुर्चीवर बसली होती, दूध उतू गेलं नव्हतं. मी मात्र तणतणत शिरलो.

"मला न विचारता तिथे उभं केलंस? आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही रात्रभर हिशेब करत बसला असता," ती म्हणाली. "आणि सांगायची गरज काय? तुम्ही खरं बोलाल याची मला खात्री होती."

"मला नव्हती," मी म्हणालो.

माझा आवाज जरा चमत्कारिक आला. आईने मान वर करून बघितलं. ही स्वयंपाकघरात गेली, आणि पेला भरून आणून माझ्यापुढे ठेवला.